दर ठोक्याला कट मारलाय, तरी व्हिडिओ मेल्यासारखा का वाटतोय? (बँडचं गाणं, कॉलेजचा प्रकल्प)

अर्धीफ्रेम

नमस्कार मंडळी. इतके दिवस इथे नुसती वाचत होते, आता पाणी गळ्याशी आलं म्हणून धागा काढतेय.

शेवटच्या वर्षाचा संकलनाचा प्रकल्प म्हणून पाच जणांच्या एका बँडचं गाणं घेतलंय. गाणं त्यांचं स्वतःचं, ४ मिनिटं १० सेकंद, ९६ बीपीएम (मिनिटाला ९६ ठोके). चित्रीकरण वर्गातल्या दोघांनी केलं, एडिट माझ्याकडे. मुख्य कॅमेऱ्यावर गाण्याचे अकरा पूर्ण टेक आहेत, चार सगळ्यांचे मिळून आणि बाकीचे एकेकाचे. एक फोन कोपऱ्यात स्टँडवर लावला होता, तो कायम चालू. शिवाय सेकंदाला ४८ फ्रेमवर घेतलेले काही स्लो मोशनचे शॉट, ज्यांच्यासाठी गाणं दुप्पट वेगाने लावलं होतं, म्हणजे निम्म्या वेगाने दाखवल्यावर ओठ जुळतील.

हिशोब मला सोपा वाटला. ९६ बीपीएम म्हणजे एक ठोका ०.६२५ सेकंदाचा, सेकंदाला २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर बरोबर १५ फ्रेम. पूर्णांक बघून इतका आनंद झाला की शेवटपर्यंत दर १५ फ्रेमला मार्कर टाकले आणि मार्कर दिसला की कट, असं करत गेले. तीनशेच्या वर कट झाले. चार रात्री गेल्या.

आता बघते तर व्हिडिओ धावतोय, पण पोचत कुठेच नाही. गायिका म्हणाली, "आमचं गाणं एवढं लांब होतं का गं?" हे ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. त्यात दुसऱ्या कडव्यानंतर ओठ आणि आवाज जुळत नाहीत. सुरुवातीला अगदी चपखल, शेवटी डब केलेल्या सिनेमासारखं. आणि बँडमधल्या पाचही जणांनी ग्रुपवर वेगवेगळ्या सूचना टाकल्यात, त्यातल्या निम्म्या एकमेकींच्या विरुद्ध.

जमा करायला तीन आठवडे आहेत. एडिटसाठी प्रीमियर हे सॉफ्टवेअर वापरतेय. कुठून सुरू करू?

रात्रीचर

+१. मीही याच होडीत आहे, फक्त माझा बँड दोघांचाच आहे. वाचनखूण साठवली.

उंटावरचा_शहाणा

तीनशे कट कमी आहेत. रॉक गाणं असेल तर अर्ध्या ठोक्यावरही कट मार, मधे दोन-दोन फ्रेमचे पांढरे फ्लॅश टाक, कॅमेरा हलवल्याचा इफेक्ट टाक. संथ वाटतंय म्हणजे वेग कमी पडतोय, एवढं साधं आहे. ओठांचं कोणी बघत नाही.

खोलीतला_आवाज

ओठांचंच सगळे बघतात, शहाणेबुवा. असो.

अर्धीफ्रेम, कटचं इथले बाकीचे लोक सांगतील. मी आवाजवाला आहे, मला सिंकचं, म्हणजे चित्र-आवाज जुळण्याचं, बघू दे. एक काम कर. मुख्य कॅमेऱ्याचा एक पूर्ण टेक घे, न कापलेला. पहिल्या शब्दावर जुळव. मग १ मिनिटाला, २ मिनिटांना आणि अगदी शेवटी किती फ्रेमचा फरक पडतो ते मोजून इथे लिही. ओठ आधी हलतात की आवाज आधी येतो, तेही सांग. फोनच्या क्लिपचं वेगळं मोज. आकडे आल्याशिवाय काही हलवू नकोस. उगाच क्लिप ढकलत बसलीस तर रोगाची लक्षणं पुसली जातील.

अर्धीफ्रेम

मोजलं.

मुख्य कॅमेरा: १ मिनिटाला साधारण दीड फ्रेम, २ मिनिटांना तीन, शेवटी सहा. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. दुसरा टेक लावून बघितला, तेच आकडे.

फोनचं काही सूत्र लागत नाही. कधी पुढे, कधी मागे, मधेच आपोआप जुळतो आणि परत सुटतो.

खोलीतला_आवाज

म्हणजे रोग दोन आहेत, आणि दोन्ही ओळखीचे.

मुख्य कॅमेऱ्याचा फरक सारख्या प्रमाणात वाढतोय. २५० सेकंदांत सहा फ्रेम म्हणजे पाव सेकंद, म्हणजे हजारात एक. हा आकडा दिसला की समजायचं, २४ आणि २३.९७६ मधला घोळ आहे. कॅमेऱ्याच्या मेन्यूत "२४" लिहिलेलं असतं, पण बरेच कॅमेरे प्रत्यक्षात सेकंदाला २३.९७६ फ्रेम घेतात. ती क्लिप कोणीतरी जबरदस्तीने २४ ने पळवली, तर चित्र हजारात एक इतकं लवकर संपतं. आवाज मात्र त्याच्या चालीने चालतो, म्हणून ओठ पुढे निघून जातात.

प्रीमियर आपण होऊन असं करत नाही, तो क्लिपची लांबी सांभाळतो. तेव्हा खरं सांग, "इंटरप्रिट फुटेज" मध्ये, म्हणजे क्लिप कुठल्या फ्रेम रेटने वाचायची ते सांगतात तिथे, जाऊन कुठे २४ टाकलं होतंस का?

तुला हे दुसऱ्या कडव्यापर्यंत का कळलं नाही, तेही सांगतो. आवाज चित्राच्या आधी आला तर माणसाला ४५ मिलिसेकंदांतच खटकायला लागतं. मागून आला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत आपण चालवून घेतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत हेच आकडे आहेत. निसर्गात आवाज नेहमी मागूनच पोचतो, त्यामुळे उशीर आपल्या अंगवळणी पडलेला असतो. तुझा फरक १२५ ला पोचतो तो २ मिनिटं ५ सेकंदांना. दुसरं कडवं तिथेच कुठेतरी असणार.

आता फोन. फोन दर सेकंदाला ठरलेल्या संख्येने फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतो, प्रोसेसर तापला की अजून कमी. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. त्या फाइल आधी हँडब्रेकमधून (फाइलचं रूप बदलणारं सॉफ्टवेअर) कॉन्स्टंट, म्हणजे कायम सारखा, फ्रेम रेट करून काढ आणि मगच प्रोजेक्टमध्ये घे. मूळ फाइल पुसू नकोस.

अजून एक. सेटवर गाणं कुठल्या फाइलवरून वाजवलं आणि टाइमलाइनवर कुठली आहे?

अर्धीफ्रेम

कान पकडते. स्लो मोशनच्या क्लिप २४ वर आणायच्या होत्या, तेव्हा त्या फोल्डरमधलं सगळंच निवडून इंटरप्रिट फुटेजमध्ये २४ टाकलं होतं. सगळंच. त्यात साधे टेकही होते.

सेटवर एमपीथ्री होती, मेसेजवरून आलेली. टाइमलाइनवरही तीच आहे. फायनल मास्टर (गाण्याची शेवटची, पक्की फाइल) मागच्या आठवड्यात आलाय, अजून लावला नाही.

खोलीतला_आवाज

नाही लावलास तेच बरं. एमपीथ्री करताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता आपोआप जोडली जाते, साधारण अर्धी ते एक फ्रेम. शिवाय मास्टर करणाऱ्याने सुरुवातीची रिकामी जागा कापली असेल तर आणखी फरक. हा फरक शेवटपर्यंत तेवढाच राहतो, वाढत नाही. म्हणून मास्टर आला की एमपीथ्रीच्या शेजारी ठेवून पहिल्या ठोक्याची लाट जुळव आणि शेवटच्या ठोक्यावर तपास. दोन्हीकडे जुळलं तर ठीक. शेवटी सुटलं तर मिक्स करताना गाण्याची लांबीच बदललीय, मग बँडला फोन लाव.

बँडकडून वेव्ह फाइल माग, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. आणि कृपा करून मास्टरवर स्वतःचा लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारा इफेक्ट) किंवा "आवाज वाढवा" वगैरे काही लावू नकोस. त्या माणसाने त्यावर रात्री जागवल्यात.

दुरुस्ती अशी: साधे टेक परत "फाइलमधला फ्रेम रेट" वर आण. स्लो मोशनच्या क्लिप २३.९७६ वर टाक, २४ वर नाही. तुमचा कॅमेरा ४८ म्हणत असला तरी आत ४७.९५२ असणार, तपासून घे. त्याच्या बरोबर निम्मे २३.९७६. आणि टाइमलाइनही २३.९७६ चीच नवी कर. २४ च्या टाइमलाइनवरही काम चालेल, पण मग दर साधारण ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसेल. कॅमेरा हळूच सरकतोय अशा शॉटमध्ये ती आली तर बारीकसा अडखळा दिसतो.

अर्धीफ्रेम

केलं. ओठ शेवटपर्यंत जुळले! दंडवत घ्या.

पण आता नवीनच. नव्या टाइमलाइनवर परत १५-१५ फ्रेमने मार्कर मांडले, तर शेवटच्या कोरसमध्ये मार्कर ठोक्याच्या सहा फ्रेम मागे पडतायत. माझा लाडका पूर्णांक गेला.

कातरकाम

तो गेला हे फार चांगलं झालं. (२३.९७६ ला ठोका १४.९८५ फ्रेमचा होतो. चारशे ठोक्यांत ते सहा फ्रेम साठले. गणित तेच, फक्त दुसऱ्या दाराने आत आलं.)

आत्तापर्यंत मुद्दाम गप्प होते, कारण सिंक सुटलेला असताना लयीबद्दल बोलण्यात अर्थ नसतो. आता मार्कर सगळे पुसून टाक. घाबरू नकोस, जुनी टाइमलाइन वेगळ्या नावाने ठेव.

तुझा व्हिडिओ मी पाहिलेला नाही, पण दर ठोक्याला कट असलेले पुष्कळ पाहिलेत आणि तुझ्या वयात एक केलाही आहे. त्यात काय होतं सांगते. तबलजी प्रत्येक मात्रेवर सारख्याच जोराने थाप मारत बसला तर सम कुठे आली हे ऐकणाऱ्याला कळेल का? सम गोड लागते कारण तिच्याआधी वाट बघायला लावलेली असते. तू वाट बघायलाच लावत नाहीयेस. पहिल्या दहा सेकंदांत डोळ्याला कळतं की इथे दर पंधरा फ्रेमला चित्र बदलतं, आणि मग त्यातलं नवल संपतं. पुढचे तीनशे कट भिंतीवरच्या घड्याळासारखे. टिकटिक चालू असते, पण कोणी ऐकत नाही. म्हणून गाणं लांब वाटलं. गायिकेचा कान पक्का आहे, तिच्यावर रागावू नकोस.

आता काम. उद्या सकाळी कॉम्प्युटर न लावता हेडफोनवर गाणं तीनदा ऐक, डोळे मिटून. चौथ्यांदा कागद घे. गायिका श्वास कुठे घेते, एखादं वाद्य कुठे येतं आणि कुठे गप्प होतं, तुझ्या अंगावर कुठे काटा येतो, एवढंच लिही. ठोके मोजू नकोस.

तुझं गाणं ९६ बीपीएम आणि २५० सेकंदांचं, म्हणजे चार-चार मात्रांची शंभर आवर्तनं. बहुतेक गाण्यांत चार आवर्तनांचं एक वाक्य होतं. तेव्हा पहिला कट फक्त पंचवीस शॉटांचा कर. एका वाक्याला एक शॉट, दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत कोणाकडे बघावंसं वाटतं? त्याचा सगळ्यात जिवंत टेक टाक. बस. ते पूर्ण बघ. काही ठिकाणी कंटाळा येईल, काही ठिकाणी डोळा हटणार नाही. जिथे हटत नाही तिथे हात लावायचा नाही. जिथे कंटाळा येतो तिथे तोडायचं. कट वाढवत जाताना दर वेळी स्वतःला विचार, आता कोणाला बघायचंय?

शेवटी एक धंद्यातली गोष्ट. कट अगदी ठोक्यावर मारलास तर उशिरा आल्यासारखा वाटतो. डोळ्याला नवीन चित्रात स्थिरावायला क्षणभर लागतो, तोवर ठोका निघून गेलेला असतो. एक-दोन फ्रेम आधी कट मार, मग ठोका नव्या चित्रात पडेल. किती आधी, याचं सूत्र नाही. शॉट किती हलतोय त्यावर आहे.

उंटावरचा_शहाणा

पंचवीस शॉट? हे संगीतसभेचं रेकॉर्डिंग झालं. आजकाल कोण दहा सेकंद एका शॉटकडे बघतं?

कातरकाम

पंचवीस शॉट हा पाया आहे, कळस नाही. घर बांधताना आपण पायाच बघायला पाहुणे बोलावत नाही. आणि दहा सेकंद एका चेहऱ्याकडे लोक आनंदाने बघतात, चेहरा काही करत असेल तर.

ठेका_चुकला

मी ड्रम वाजवतो, एडिटमधलं शून्य कळतं. पण आमच्या जातीला काय खुपतं ते सांगतो, कारण तुझा ड्रमरही तेच बघणार आहे.

काठी कातड्यावर आपटते त्या फ्रेमवर कट करू नकोस. काठी वर असताना आत ये. वरून खाली येते ते दिसलं तरच फटक्यात वजन येतं. थेट आपटलेल्या फ्रेमवर आलीस तर काठी नुसती तिथे चिकटलेली दिसते.

ड्रमचा सिंक सगळ्यांत निर्दय. गाणाऱ्याचं एका फ्रेमने चुकलं तर खपून जाईल, स्नेअरचं (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचं) खपत नाही. यात एक गोम आहे. स्पीकर ड्रमपासून दहा मीटरवर ठेवला असेल तर वाजवणाऱ्याला गाणं साधारण २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं, पाऊण फ्रेम. कॅमेरा स्पीकरच्या जवळ असेल तर त्याच्या माइकला मात्र वेळेवर. म्हणजे आवाजाच्या लाटेवरून सॉफ्टवेअरने जुळवलेला टेकसुद्धा ड्रमवर मागे वाटू शकतो. ड्रमचे शॉट डोळ्यांनी एकेक फ्रेम सरकवून बघ.

आणि चोरी बिनधास्त करायची. पहिल्या आणि दुसऱ्या कडव्याचे कॉर्ड तेच असतील तर दुसऱ्याचा गिटारचा शॉट पहिल्यात चालतो. कॉर्ड वेगळे असतील तर गिटारवाल्याचा डावा हात फ्रेमच्या बाहेर असलेला शॉट शोध. प्रेक्षकांना कळत नाही, पण बँडला कळतं, आणि त्यांच्या सगळ्या मित्रांना तर हमखास.

जाता जाता, ९६ चं गाणं दुप्पट वेगाने म्हणजे १९२. त्या टेकमध्ये तुमच्या ड्रमरचा चेहरा कसा आहे ते बघ. तिथे खरा घाम मिळेल.

अर्धीफ्रेम

चेहऱ्याचं खरंय. स्लो मोशनमध्ये तो एकदम ऋषी वाटतो, प्रत्यक्षात शिव्या देत होता.

वाचनमात्र

मी फार लिहीत नाही, पण काही वर्षं असे प्रकल्प तपासले आहेत, म्हणून दोन शब्द.

कातरकाम यांनी सांगितलेला फरक जुना आहे. सर्गेई आयझेनस्टाइन यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस संकलनाचे प्रकार मांडले, त्यात पहिले दोन हेच: मेट्रिक आणि रिदमिक. पहिल्यात तुकड्याची लांबी मोजून ठरते, आत काहीही घडो. दुसऱ्यात चित्राच्या आतली हालचालही लांबी ठरवते. तुमचा पहिला कट शुद्ध मेट्रिक आहे. तो फेकून देऊ नका, अहवालात ठेवा. "आधी हे केलं, ते का फसलं, मग हे केलं" असं दोन टाइमलाइनच्या चित्रांसह लिहिलेलं पान चकचकीत व्हिडिओपेक्षा जास्त गुण मिळवतं, निदान माझ्याकडे तरी मिळवायचं. तोंडी परीक्षेत कुठल्याही एका कटवर थांबवून "हा इथे का?" असं विचारतात. "मार्कर होता" हे उत्तर पुरत नाही.

वर कोणी दोन-दोन फ्रेमचे फ्लॅश सुचवले आहेत. दोन पांढऱ्या, दोन काळ्या अशा सलग लावल्या तर सेकंदाला सहा लखलखाट होतात. प्रकाशामुळे झटके येऊ शकणाऱ्या प्रेक्षकांचा विचार करून सेकंदाला तीनच्या वर जाऊ नये अशी मार्गदर्शक मर्यादा आहे. हा सौंदर्याचा प्रश्न नव्हे.

उंटावरचा_शहाणा

हे माहीत नव्हतं. फ्लॅशचं मागे घेतो. कटचं मागे घेत नाही.

अर्धीफ्रेम

पंचवीस शॉटांचा कट झाला. खोटं वाटेल, पण तो आधीच्या तीनशेपेक्षा चांगला दिसतोय! कागदावर ऐकून लिहिताना कळलं की ब्रिजच्या (कडवं आणि कोरसपेक्षा वेगळ्या मधल्या तुकड्याच्या) आधी गायिका एक श्वास घेते आणि सगळी वाद्यं थांबतात. पहिल्या एडिटमध्ये त्या शांततेत मी तीन कट मारले होते. तीन! आता तिथे नुसता तिचा चेहरा आहे.

बँडच्या सूचनांचं काय करू? बास वाजवणारा म्हणतो तो पूर्ण व्हिडिओत चौदा सेकंदच दिसतो (त्याने मोजलंय). गिटारवाल्याला सोलोमध्ये फक्त बोटं हवीत, गायिकेला सोलोमध्ये प्रेक्षकांची गर्दी हवी, जी आपण शूटच केलेली नाही.

कातरकाम

पाच माणसांचं ऐकून एडिट करायचं म्हणजे पाच जणांनी एकच सायकल चालवायची. त्यांना सांग, तुमच्यातला एक जण बोलेल. आपसात भांडण करून मगच सूचना पाठवा, लेखी, मिनिट-सेकंदासह. "मधे जरा ढिलं वाटतं" असं नको, "१:४२ ला मला माझा हात हवा" असं हवं. दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच. दुसऱ्या फेरीनंतर चित्र कुलूपबंद, मगच रंगकाम. हे कामाच्या आधी ठरवायचं असतं, पण आत्ताही चालेल. परीक्षेची तारीख पुढे कर, ती फार उपयोगी पडते.

सूचना शब्दशः घेऊ नकोस, त्यामागे काय दुखतंय ते बघ. बासवाल्याला चौदा सेकंदांचे वीस नकोत, त्याला वाटतंय आपण गाण्यात नाही. बास एकटा ऐकू येतो अशी एखादी जागा प्रत्येक गाण्यात असते. तिथे त्याला एक लांब शॉट दे. चार सेकंद, पण मानाचे.

खोलीतला_आवाज

मधेच एक कंटाळवाणा पण महत्त्वाचा मुद्दा. गाणं त्यांचं स्वतःचं आहे, छान, तरी लेखी परवानगी घे: गाणं वापरायची, चेहरे दाखवायची, आणि व्हिडिओ नुसता परीक्षेसाठी की बाहेरही टाकायचा. बँडने गाणं एखाद्या वितरकामार्फत सगळीकडे टाकलं असेल तर ते यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (हक्काची गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत) नोंदलेलं असू शकतं. मग तू तुझ्या खात्यावरून व्हिडिओ टाकलास की स्वतःच्याच कामावर दावा आलेला दिसेल. त्यात गुन्हा काही नाही, फक्त आधी त्यांना विचारून ठेव. सगळ्यात सोपं म्हणजे त्यांच्याच खात्यावरून टाका.

आणि सगळ्या फुटेजची प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर आहे ना? उत्तर "हो" नसेल तर हा धागा बंद करून आधी ते कर.

अर्धीफ्रेम

…आत्ता कॉपी होतंय. धन्यवाद.

रात्रीचर

अवांतर: माझा लॅपटॉप ४के क्लिपवर धापा टाकतो. अर्धीफ्रेम, तू कसं चालवतेस?

अर्धीफ्रेम

@रात्रीचर, प्रॉक्सी. सगळ्या क्लिपच्या ७२० च्या हलक्या प्रती रात्रभर करायला लावल्या, एडिट त्यांच्यावर, शेवटी मूळ फाइलवरून एक्सपोर्ट. फक्त इंटरप्रिट फुटेजचा घोळ आधी निस्तर आणि मगच प्रॉक्सी कर. मी उलटं केलं होतं, सगळ्या परत कराव्या लागल्या.

अर्धीफ्रेम

(दोन आठवड्यांनी)

कुलूप लागलं. एकूण ११८ कट. पहिल्या कडव्यात फक्त सात, आणि शेवटच्या कोरसमध्ये एकेचाळीस. उंटावरचे शहाणे, तुम्ही पूर्ण चुकला नव्हतात. शेवटच्या कोरसमध्ये मी तुमचंच ऐकलंय, अर्ध्या ठोक्यावरसुद्धा कट आहेत. पण तीन मिनिटं धरून ठेवल्यावर सोडलं, म्हणून तिथे धरणाचं दार उघडल्यासारखं वाटतं. हाच वेग पहिल्या सेकंदापासून होता तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

मास्टर लावला. फक्त सुरुवातीला एका फ्रेमचा फरक निघाला, शेवटी काही नाही. बासवाल्याला ब्रिजनंतर साडेचार सेकंद दिलेत. त्याने परत मोजलं आणि अंगठा पाठवला.

रंगकामात एक दिवस फुकट गेला, कारण सगळे शॉट एकमेकांशी जुळवायच्या आधीच मी सिनेमासारखा निळसर रंग चढवला होता. फोनचे शॉट हिरवे पडले. सगळं काढून आधी स्कोप (उजेड आणि रंग मोजून दाखवणारे आलेख) बघून जुळवलं, मग रंग. एक्सपोर्ट १०८०, एच २६४. पहिल्यांदा ब्रिजमधल्या अंधाराच्या शॉटला चौकटी-चौकटी पडल्या, मग बिटरेट वाढवून काढलं.

वाचनमात्र

पहिली टाइमलाइन अहवालात ठेवलीत ना?

अर्धीफ्रेम

हो सर, पान चार. शीर्षक "घड्याळ".

कातरकाम

दुवा पाठवलास तो पाहिला. श्वासाची जागा छान जमलीय. ब्रिजमधून बाहेर येताना दोन कट मी काढले असते, पण ते मी. काम तुझं आहे.

ठेका_चुकला

मीही पाहिला. एकच शंका. ३:१२ ला ड्रमर मोठ्या झांजेवर मारतो आणि गाण्यात तिथे झांजच वाजत नाही. दुसऱ्या टेकमधला शॉट घेतलायस ना?

अर्धीफ्रेम

घेतलाय. त्या टेकमध्ये तो चुकून मारतो, आणि गायिका मागे वळून त्याच्याकडे बघून हसते. अकरा टेकमध्ये ती तेवढी एकदाच खरं हसलीय. दोन दिवस दुसरा शॉट लावून बघितला, सगळं बिनचूक होतं आणि तिथे काहीच नव्हतं. म्हणून ठेवला.

ड्रमरला अजून दिसलेलं नाही. कृपया इथेच राहू दे.